चांदीची का?

सुमामावशीने माझा हात हातात घेतला, अंगठी निरखली आणि म्हणाली, "चांदीची का गं? छान आहे."

मी नुसती हसले. "नाही गं, प्लॅटिनम आहे" एवढं काही तोंडातून निघालं नाही. आता झोपायच्या वेळी तेच वाक्य डोक्यात घोळतंय. वेगवेगळ्या सुरांत म्हणून पाहतेय. प्रत्येक सूर खोटा वाटतोय.

एवढं लागायचं कारण काय? मावशीच्या मनात काही नव्हतं. तरी वाटलं, कुणीतरी आमच्या दोघांचीच किंमत कमी लावली. ही अंगठी घेतली तेव्हा घरात जे काही चाललं होतं ते... जाऊ दे.

अंगठी काढून आतला शिक्का पाहिला. ९५०. म्हणजे हजार भागांत ९५० भाग प्लॅटिनम. पण तो शिक्का आतल्या अंगाला, कातडीला टेकलेला. अंगठीतल्या हिऱ्याचा रंग, शुद्धता, कॅरेट हे सगळं कपाटातल्या सर्टिफिकेटवर. मावशीला काय कपाटाशी घेऊन जायचं होतं? बरं, हिरा तरी चमकावा! हिऱ्यावर पाणी टिकत नाही, पण तेलकटपणा तो लगेच धरतो. खाणीत चरबी माखलेल्या टेबलांवरून खडी आणि पाणी सोडून हिरे वेचायचे ते याच गुणावर. इथे खाण कुठली, माझं हाताचं क्रीम पुरलं.

मग मनातल्या मनात पुरावे गोळा करायला लागले. तेवढ्याच आकाराच्या चांदीपेक्षा प्लॅटिनम दुप्पट जड. चांदी ९६२ अंशांना वितळते, हे १७६८ला. मावशीच्या तळहातावर अंगठी ठेवून वजन दाखवता आलं असतं. वितळवून दाखवणं जरा अवघड होतं. इथे मलाच हसू आलं.

आणि मावशी काही पहिली नव्हे. सोन्याच्या मागे लागलेल्या स्पॅनिश लोकांना कोलंबियाच्या नद्यांत हा धातू सोन्याबरोबर सापडायचा, तेव्हा त्यांना तो नसती कटकट वाटायचा. त्यांना कुणी शिक्का दाखवला होता?

नवी होती तेव्हा ती आरशासारखी लखलखायची. आता बारीक चऱ्यांनी करडी, मंद दिसते. प्लॅटिनमवर चरा पडला की धातू फारसा झडत नाही, बाजूला सरकतो. म्हणजे वजन जवळपास तेवढंच, फक्त तोरा उतरलेला. ती चांदीसारखी दिसते कारण मी ती रोज घालते. डबीत ठेवली असती तर ओळखू आली असती; पण डबीत कोण बघणार?

नवऱ्याची अंगठी साधी, सोन्याची. सगळ्यांना ओळखू येते. त्याला त्याचं काही नाही. त्याला तसं कशाचंच... असो.

"पॉलिश करून आणू का?" असं त्याने विचारलं. नको म्हटलं, पॉलिशमध्ये थोडा धातू जातोच. हिरा मात्र साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून मऊ ब्रशने घासला. तेवढी ऐट अजून सुटत नाही.