रजिस्टरात न आलेल्या गाठी

एमडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला असताना मॅडमनी मला डिपार्टमेंटची जुनी बायॉप्सी रजिस्टरं काढायला लावली. ज्या पेशींपासून दात घडतात, त्यांच्याच गाठी जबड्यात होतात. त्यातल्या कुठल्या किती आल्या ते मोजायचं होतं. महिनाभर पिवळी पानं, मेणाचे ब्लॉक आणि रंग उडालेल्या स्लाइड्स.

सगळ्यात पुढे अमेलोब्लास्टोमा. आशिया-आफ्रिकेतल्या बहुतेक रुग्णालयांत हेच दिसतं. खालच्या जबड्यात, मागच्या दाढांच्या बाजूला सावकाश वाढणारी गाठ. हा कॅन्सर नव्हे, पण हाड पोखरत जाते, आणि नुसती खरवडून काढली तर बऱ्याचदा परत येते. दुखत नाही, म्हणून चेहरा एका बाजूला फुगेपर्यंत पेशंट येतच नाही.

अमेरिकेतल्या याद्यांत मात्र ओडोंटोमा पहिला, म्हणजे दाताच्याच घटकांची, बऱ्याचदा बारीक दातांच्या पुंजक्यासारखी गाठ. आमच्या रजिस्टरात तो जेमतेम होता. आपल्याकडे तो होतच नसावा, असं मी तेव्हा धरून चालले.

मग दिवाळीत तालुक्याच्या गावी मामेभावाच्या क्लिनिकमध्ये बसले होते. एका मुलीचा वरचा सुळा आलाच नव्हता. एक्सरेत सुळ्याच्या वाटेत बारीक दातांचा पुंजका दिसत होता. त्यानं तो काढला, धुतला आणि पुडीत बांधून आईच्या हातात दिला.

"लॅबला नाही पाठवलंस?"

"कशाला, ताई? एक्सरेवर स्पष्ट दिसतंय. आणि त्याचे पैसे त्यांच्याकडून कसे मागू?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ती मुलगी कुठल्याच आकड्यात आली नाही. 2014 साली मुंबईच्या जेजेमध्ये बुलढाण्याकडच्या 17 वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून 232 दात निघाले, त्याची बातमी देशभर झाली. पुडीतल्या पाच-सहा दाण्यांची कोण करणार?

मोजणी आणखी एका कारणानं हलते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2005 मध्ये केराटोसिस्टला, म्हणजे जबड्यातल्या एका पिशवीसारख्या गाठीला, ट्यूमर ठरवलं आणि 2017 मध्ये परत सिस्टच्या (पोकळ पिशवीच्या) रकान्यात टाकलं. मधल्या काळातल्या कित्येक अभ्यासांत तो पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर दिसतो. जबडे तेच, आजार तोच, फक्त रकाना बदलला. म्हणून अशा अभ्यासातली टक्केवारी वाचायच्या आधी मी साल बघते.

मामेभावाला मी नमुने टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनच्या बाटल्यांचा खोका देऊन आले. तपासणी आमच्याकडे फुकट करून देईन म्हटलं. गेल्या महिन्यात पहिली बाटली आली. दाणे मऊ व्हायला ॲसिडमध्ये ठेवलेत. नोंद मी स्वतः केली: वय 14, स्त्री, वरचा उजवा सुळा.