तुम्ही विचारलंत म्हणून: शिबिर की सोबत?

निवृत्तीनंतर सांगलीत राहायला आल्यापासून, मी जत तालुक्यात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारी अधिकारी, होते हे कळले की लोक एक प्रश्न हमखास विचारतात: गावच्या शाळेत सेमी इंग्रजीचे वर्ग वाढवायचे आहेत, तर शिक्षकांना कोणते प्रशिक्षण द्यावे? शिक्षक इंग्रजीत कच्चा आहे आणि त्याला पाच दिवस शिबिरात बसवले की काम झाले, हे या प्रश्नात आधीच गृहीत धरलेले असते. मला मात्र आठवते ती आमच्या शिक्षण परिषदेतली, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीतली, चहाची सुट्टी.

जतच्या पूर्व भागात अनेक घरांत कन्नड बोलतात, तिथे जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत आणि मराठी शाळेच्या पटावरही कन्नड घरची मुले असतात. त्या दिवशी दुसरीला शिकवणाऱ्या एका बाईंनी तक्रार केली की, ‘तेवीस’ म्हटले की मुले बत्तीस लिहितात आणि ‘ट्वेंटी थ्री’ म्हटले की बरोबर लिहितात. शेजारी बसलेले कन्नड शाळेचे गुरुजी हसून म्हणाले, “आमच्याकडं ही अडचण येतच नाही, बाई. इप्पत्तमूरू म्हणजे आधी वीस, मग तीन.” मराठीत तीन आधी ऐकू येतो आणि मूल ऐकल्याप्रमाणे लिहिते, एवढीच गोष्ट होती. (बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस तीन’ असे वाचन सुचवले तेव्हा त्याची भरपूर टिंगल झाली, मला त्या बाईंचा फळा आठवला.) पुढच्या आठवड्यात त्यांच्या फळ्यावर एकाच संख्येची तिन्ही नावे होती, आणि एरवी गप्प बसणारी कन्नड घरची मुले वर्गाला मोजून दाखवत होती.

हे कोणत्याही शिबिराच्या पुस्तिकेत नव्हते. तोच पाठ दुसऱ्या भाषेत शिकवणारा सहकारी शेजारी बसला, म्हणून ते सापडले. घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असेल तिथे शिक्षकांनी दोन्ही वापराव्यात, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगते. तरीही तपासणीला कोणी आले की शिक्षक घाईघाईने मराठी गिळून टाकतात, कारण सेमीच्या वर्गात मराठी बोलणे म्हणजे कमीपणा, असा समज आहे. ‘डिनॉमिनेटर’ सांगताना ‘छेद’ म्हटले तर बिघडत नाही, हे वरिष्ठांनी त्यांना तोंडाने सांगायला हवे.

वेळेचे दुखणे याहून मोठे आहे. शिक्षण परिषद असतेच, परंतु ती माहितीचे तक्ते भरण्यात संपते. माझ्याही कित्येक परिषदा तशाच संपल्या, हे कबूल करते. द्विशिक्षकी शाळेत तर एकाने बाहेर जायचे म्हणजे दुसऱ्याने सगळे वर्ग एकट्याने सांभाळायचे.

तेव्हा लोकवर्गणी जमली असेल आणि प्रोजेक्टर घ्यावा का असे विचारत असाल, तर माझे उत्तर ऐका: गावात डी.एड. झालेली एखादी मुलगी घरी बसून असेल, तर तिला मानधन देऊन महिन्यातल्या दोन दुपारी वर्गावर बोलवा आणि तेवढा वेळ तुमच्या गुरुजींना शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांबरोबर आपला पाठ घेऊन बोलत बसू द्या. जाताना आधी घेतलेल्या पाठांच्या टिपणांची वहीही त्यांच्याबरोबर द्या, आणि बदली झाली तर ती शाळेतच ठेवून घ्या.