तुम्ही विचारलंत म्हणून: अजगर जेवत नाही तेव्हा

"महिनोन्महिने खात नाही म्हणता, मग तो जगतो कसा? आणि तुमच्या घशाखाली घास कसा उतरतो?" न्यू जर्सीतल्या आमच्या घरी जेवायला येणारे बहुतेक जण पानावर बसले की आम्ही पाळलेल्या अजगराबद्दल, भैरूबद्दल, हेच विचारतात. पुण्याहून मावशीचा फोन आला तरी ख्यालीखुशालीनंतर तिचा प्रश्न हाच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. दुसऱ्याचं जेवता जेवता देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

भैरू बॉल पायथन आहे, म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला एक लहान अजगर. लांबी जेमतेम मीटरभर, वजन दीड किलोच्या आत. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचं घट्ट वेटोळं करतो. घाना, टोगो, बेनिन या देशांत हे साप दिवसा वारुळात नाहीतर उंदीर-घुशींच्या बिळात पडून असतात आणि रात्री बाहेर पडतात. बेनिनमधल्या विदा गावात यांचं देऊळ आहे, तिथे यांना कोणी मारत नाही. घरात शिरलेला अजगर लोक उचलून देवळात नेऊन सोडतात. नागपंचमी बघत मोठ्या झालेल्या मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

हा साप भक्ष्यामागे धावत नाही, दबा धरून वाट बघतो. मिळालं तर खायचं, नाही मिळालं तर थांबायचं, यासाठीच त्याचं शरीर घडलं आहे. आपण खातो त्यातलं बरंचसं अंग ३७ अंशांवर ठेवण्यातच खर्ची पडतं. सापाला तो खर्च नाही, तो ऊब बाहेरून घेतो. शिवाय पोट रिकामं असलं की अजगराची आतडी आकसतात आणि भक्ष्य पोटात गेलं की पुन्हा वाढतात. बर्मी अजगरावर स्टीफन सेकर आणि जेरेड डायमंड या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात केलेल्या कामातून हे नीट पुढे आलं. पुढे २००७ मध्ये मार्शल मॅक्यू या संशोधकाने बॉल पायथनसह तीन जातींच्या सापांना सुमारे साडेपाच महिने उपाशी ठेवून मोजमापं घेतली. काहींनी शरीराचा खर्च तब्बल ७२ टक्क्यांनी कमी केला होता आणि त्या काळातही त्यांची लांबी थोडी वाढलीच. हे वाचल्यावर मी मावशीला सांगितलं की भैरू उपाशी मरत नाहीये, तो हात राखून खर्च करतोय.

त्यात ऋतूही असतो. त्यांच्या मुलखात पावसाळा सरत आला की जोड्या जमू लागतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मादी अंडी घालते. त्या अंड्यांभोवती ती दोनेक महिने वेटोळं घालून बसते आणि त्या काळात सहसा काही खात नाही. नरांचंही या हंगामात जेवणावरून लक्ष उडतं. भैरू पिंजऱ्यातच जन्मला, आफ्रिका त्याने पाहिलेली नाही, तरी आमच्याकडे दिवाळीचा फराळ संपत आला की त्याचं जेवण बंद होतं आणि होळीच्या आसपास पुन्हा सुरू होतं.

मग मी काय करते? आधी त्याचं घर तपासते. एका बाजूला ३२ अंशांच्या आसपास ऊब हवी, दुसरी बाजू पाच-सहा अंशांनी थंड हवी, आणि हवेत दमटपणा साठ टक्क्यांच्या आगेमागे हवा. इथल्या थंडीत घरातला हीटर हवा कोरडी ठणठणीत करतो, त्यामुळे हिवाळ्यात दमटपणाकडेच जास्त बघावं लागतं. दोन्ही बाजूंना एकेक अंधारी खोपटी हवी, तीही अंगालगत बसणारी. ऐसपैस जागेत त्याला सुरक्षित वाटत नाही. डोळे दुधाळ निळे झाले असतील तर कात टाकायची वेळ आली आहे हे समजून मी उंदराचा विषयच काढत नाही.

उंदीर मी गोठवलेला आणते. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून मऊ करायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात धरायचा आणि लांब चिमट्याने पुढे करायचा. भैरूच्या वरच्या ओठावर बारीक खळगे आहेत, त्यांतून त्याला ऊब कळते. डोकं आधी बाहेर येतं. जीभ भराभर आत-बाहेर होते, मान मागे घेऊन इंग्रजी एसचा आकार होतो. माझा श्वास तेव्हा खरंच अडकतो. आणि मग जिभेची हालचाल मंदावते, मान सैल पडते आणि तो त्याच वाटेने मागे सरकत आत जातो. मी उंदीर बाहेर काढते आणि पुढचे दहा-बारा दिवस काही दाखवत नाही. रोज पुढे पुढे करत राहिलं तर त्याला नुसता जाच होतो.

जिवंत उंदीर मी देत नाही. भूक नसलेल्या सापाला उंदीर चावून भयंकर जखमा करतो. तोंड उघडून बळेच भरवणं तर माझ्या घरात होणार नाही. तो जबरदस्तीचा घास सापासाठी भीतीचा असतो, आणि ताणामुळे बरेचदा उलटूनही पडतो. ते फक्त डॉक्टरांनी, खरोखर गरज असेल तेव्हाच करावं.

काळजी करायचं माझं साधन म्हणजे वजनकाटा. कापडी पिशवीत घालून त्याचं ग्रॅममध्ये वजन करते आणि वहीत लिहून ठेवते. धडधाकट मोठ्या सापाचं वजन फारसं हललं नाही तर मी निवांत असते, आणि हो, घासही नीट उतरतो. दहा टक्क्यांच्या आसपास घटलं, पाठीचा कणा धारेसारखा वर दिसू लागला, श्वास घेताना शिट्टी वाजली, तोंडाशी बुडबुडे आले किंवा खवल्यांत गोचिडी दिसल्या, तर मात्र थांबायचं नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर गाठायचे आणि विष्ठाही तपासून घ्यायची. पिल्लांच्या बाबतीत तर इतका धीरही धरू नये, त्यांच्या अंगात साठा फारच कमी असतो.

हल्ली मुंबई-पुण्याकडच्या तरुण मुलांचेही निरोप येतात: "ताई, नवीन आणलाय, खातच नाही." नव्या घरात आलेल्याला पहिला आठवडाभर हात लावू नका, दर्शनाला माणसं जमवू नका. आपल्याकडच्या रानातला अजगर पाळायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. बॉल पायथनही साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, यादीत आहे, आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची सरकारी नोंदणी बंधनकारक आहे. तरीही बँकॉकहून सामानात कोंबून आणलेले हे साप मुंबई विमानतळावर पुन्हा पुन्हा पकडले जातात. त्या सापांचा उपास ऋतूचा नसतो. तहान, गारठा आणि भीती यांनी ते खचलेले असतात, आणि त्यातले कित्येक पुढे जगत नाहीत. म्हणून घेण्याआधी कागद बघा आणि विकणाऱ्याला विचारा: याने शेवटचं कधी, काय आणि किती खाल्लं? शक्य असेल तर तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. कागद नसतील किंवा उत्तर गुळमुळीत आलं, तर तिथून घेऊ नका.