चोरीचा मनीप्लांट

दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकू मिक्सरचं भांडं परत द्यायला आल्या होत्या. चहा झाला, गुडघे झाले, लिफ्टचा मेंटेनन्स झाला, आणि निघताना दारात चपला सरकवता सरकवता त्यांचा हात अगदी सहज कठड्यावरच्या मनीप्लांटकडे गेला आणि टच्कन आवाज आला. मी लगेच वळून शू रॅकवर किल्ली शोधायला लागले, जी माझ्या हातातच होती. कारण बघितलं असं दाखवलं की खेळ खलास, मग ती चोरी राहत नाही, आणि चोरीचा नसेल तर मनीप्लांट वाढत नाही हे काय कुणाला सांगायला हवंय? मागायचा नाही, कुणी प्रेमाने दिला तर घ्यायचा नाही, आणि आपण होऊन तर मुळीच द्यायचा नाही, घरातला पैसा जातो म्हणे.

पंचाईत अशी की काकूंनी नुसतं पान नेलं. देठासकट, पण पानच. गाठ नाही. ज्या पेराला ते तपकिरी टोक आलेलं असतं ना, मुळाचं, ते हवं, नाहीतर पान पाण्यात महिनोन्महिने हिरवंगार राहील, फार तर मुळंसुद्धा धरेल, पण वेल काही व्हायचा नाही. आता हे त्यांना सांगू कसं? मी तर बघितलंच नव्हतं.

माझी आई यात वस्ताद होती. मिरजेला आत्याकडे जाऊन परत येताना एसटीत तिच्या पर्समध्ये ओल्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी असायचंच, आणि रुमालाच्या वर प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे तिकिटाचे पैसे भिजू नयेत. घरी आल्यावर आधी पाय धुवायचे सोडून बाटली शोधायची. बाटली भंगारवाल्याकडून आणलेली, दारूचीच, कारण तसली जाड काचेची चौकोनी बाटली दुसऱ्या कशाची येतच नाही. आमचे आजोबा माळकरी! आईने लेबल गरम पाण्यात भिजवून, नखाने खरवडून, तारेच्या घासणीने घासून काढलेलं, तरी डिंक राहायचाच आणि त्यावर धूळ बसून लेबलाचा चौकोन जसाच्या तसा दिसायचा. पाहुणे सोफ्यावर बसायचे आणि त्यांची नजर टीव्हीवरच्या त्या बाटलीकडे गेली रे गेली की आई विचारायच्या आधीच, "भंगारवाल्याकडची आहे हो ती." दर रविवारी पाणी बदलायचं काम माझं. काचेला आतून हिरवं शेवाळ धरलेलं असायचं, ते काढायला बाटलीत मूठभर तांदूळ टाकून खळखळवायचे.

खूप नंतर मी या झाडाबद्दल वाचलं तेव्हा वाटलं, चोरीचा नियम माणसांनी नाही, या वेलानेच काढला असणार. याचं मूळ गाव ताहितीजवळचं मोरेआ नावाचं बेट. 1880 मध्ये याला पोथोस ऑरियस असं नाव मिळालं, मग दोनतीन वेळा घराणं बदलून 1964 मध्ये एपिप्रेम्नम झालं, आणि एवढा घोळ का तर फूल जवळजवळ येतच नाही, मग बघून ठरवायचं कशावरून? 2016 मध्ये संशोधकांना कारण सापडलं, फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरकच याच्यात नीट तयार होत नाही, बाहेरून फवारलं तेव्हा कळ्या आल्या. फूल नाही म्हणजे बी नाही. बी नाही म्हणजे घराघरातला प्रत्येक मनीप्लांट कुणीतरी कुणाच्या तरी वेलाचा मोडून आणलेला तुकडा आहे, नाहीतर त्या तुकड्याचा तुकडा. फुलपाखराचं काम इथे काकू करतात.

आणि व्हरायट्यासुद्धा अशाच. कुणीतरी नर्सरीत शेकडो वेल बघत उभा असतो, एका फांदीची पानं जरा वेगळी दिसतात, तो तेवढीच कापून वेगळी लावतो. मंजुळा अशीच आपल्या भारतात निघाली, रुंद, कडेला लहरी असलेलं पान आणि त्यावर क्रीम रंगाचे फराटे, पण आता तिचं अमेरिकेत पेटंट आहे आणि आपल्या नर्सरीत ती आपल्याला महागात पडते. पानावर पांढरं जेवढं जास्त तेवढा भाव जास्त आणि वाढ कमी, कारण पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नाही, तो भाग बसून खाणारा. मार्बल क्वीन म्हणून घ्यायची, अंधाऱ्या हॉलमध्ये कोपऱ्यात ठेवायची आणि वर्षाने ती हिरवी झाली की नर्सरीवाल्याला शिव्या द्यायच्या, याला अर्थ नाही. तिला खिडकी द्या, थेट ऊन नको पण उजेड हवाच, आणि एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर कापा, नाहीतर तीच सगळ्यांच्या पुढे पळते. निऑन मला आवडत नाही, ते पोपटी पान कायम आजारी वाटतं. अगदीच काही जमत नसेल तर आपला जुना गोल्डन आणावा, आणि पाणी माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय घालू नये. कमी पाण्याने फारसा मरत नाही तो, मायेनेच मरतो.

एक मात्र मला बघवत नाही, भिंतीला खिळे ठोकून दोऱ्यावरून वेल घड्याळावरून, गणपतीच्या फोटोवरून, लग्नाच्या फोटोवरून फिरवत आणतात ना, ते. लोंबता वेल पान लहान लहान करत जातो, त्याला चढायचं असतं. कोकणात एखाद्या वाडीत माडावर चढलेला मनीप्लांट बघा, सुपाएवढं पान आणि वर कापे पडलेले, आपल्या बाटलीतलाच हा यावर विश्वास बसत नाही. घरात निदान मॉस स्टिक, म्हणजे शेवाळ किंवा काथ्या गुंडाळलेली काठी, तरी द्यावी. (मांजर असेल तर तिच्या तोंडाला लागू देऊ नका, चावलं तर तोंडात आग होते तिच्या.)

पण मोकळा सोडला तर तो थांबत नाही. श्रीलंकेत कॅंडीजवळच्या उडवट्टकेले जंगलात हाच वेल जमिनीवर पसरलाय, झाडांवर चढलाय, खाली दुसरी रोपं उगवू देत नाही. बी नसलेलं झाड, म्हणजे तिथेही तुकडा नेला माणसानेच. आमच्या सोसायटीचा माळी छाटलेलं सगळं मागच्या नाल्यात फेकायचा आणि तिथल्या करंजावर आता अर्ध्यापर्यंत सोनेरी पानं चढलीयेत, लोक फोटो काढतात, छान दिसतं म्हणतात. मी मीटिंगमध्ये विषय काढला तर पार्किंगच्या खाली गेला. तेव्हापासून माझ्या घरचं छाटलेलं मी गच्चीवर कडक उन्हात पार वाळवते आणि मगच ओल्या कचऱ्यात देते. नवऱ्याला हे अति वाटतं. वाटू दे.