पोचो, पोचावं, पोचले असावेत

सारियाहून निघाले तेव्हा उजाडायचं होतं आणि पावसाची भुरभुर लागली होती. अल्बेर्गे म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा. तिथल्या बाई दारापर्यंत आल्या, वर आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ओहाला नो युएबा मास." आणखी पाऊस न पडो.

आमच्याकडे वारीत लोक पेरण्या उरकून चालत असतात. त्यामुळे माझ्या कानांना सवय 'पाऊस पडो'ची. आळंदी ते पुणे आणि पुणे ते सासवड असे दोन टप्पे आईबरोबर बऱ्याचदा चालले आहे. दिवेघाटात सर आली की आईचा चेहरा उजळतो. इथे गालिसियात, स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, पावसाला तोटा नाही, आणि वाटेवर भेटेल तो 'ओहाला' म्हणत ढगांकडे बघतो. मागणं उलटं, पण क्रियापदाचं रूप तेच.

ही वाट सान्तियागो दे कोम्पोस्तेलाची. येशूचा शिष्य सान्तियागो याची समाधी तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहे अशी श्रद्धा आहे, आणि मध्ययुगापासून युरोपभरातून लोक तिकडे चालत येतात. 'फ्रेंच वाट' फ्रान्सच्या सीमेजवळच्या सँ-झाँ-पिए-द-पोर गावातून निघते आणि जवळपास ७८० किलोमीटरची आहे. माझ्याकडे सुट्टी थोडी, म्हणून सारियापासूनचे शेवटचे सुमारे ११५ किलोमीटर निवडले. पायी किमान १०० किलोमीटर झाले तर सान्तियागोला 'कोम्पोस्तेला' हे प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी जवळच्या क्रेदेन्सियालवर, म्हणजे यात्रेकरूच्या पुस्तिकेवर, या पट्ट्यात रोज दोन तरी शिक्के घ्यावे लागतात. बाकी वाट पिवळे बाण दाखवतात. ओ सेब्रेइरो गावचे पाद्री एलियास बालिन्या यांनी १९८४ मध्ये रंगाचे डबे घेऊन ते रंगवायला सुरुवात केली.

पुण्यात दोन वर्षं स्पॅनिश शिकले होते. 'सुबहुंतीबो', म्हणजे इच्छा सांगताना क्रियापदाचं बदलणारं रूप, हे प्रकरण आलं की अख्ख्या वर्गाचा धीर सुटायचा. शिकवणं इंग्रजीतून, आणि इंग्रजीत इच्छा असो की हकीकत, क्रियापद बहुतेक वेळा तसंच राहतं. म्हणून वाटायचं, ही स्पॅनिश लोकांनी मुद्दाम काढलेली अडचण आहे. नियम तसा छोटा आहे. ज्या धातूंच्या शेवटी 'आर' असतो त्यांच्या प्रत्ययात 'ए' येतो, आणि 'एर', 'इर' वाल्यांच्यात 'आ'. बस, स्वरांची अदलाबदल. युएबे, पाऊस पडतो. युएबा, पाऊस पडो. पहिलं वाक्य डोळ्यांनी पाहिलेलं, दुसरं मनात धरलेलं.

पण हे मला वर्गात कळलं नव्हतं. त्या ओल्या पहाटे, ओकच्या झाडांखालून चालताना, 'पडतो' आणि 'पडो' शेजारी शेजारी ऐकू आले आणि मी थांबलेच. आपल्याकडे हे आहे! पडो, होवो, जावो. पडावा, व्हावं, जावं. शाळेत आज्ञार्थ आणि विध्यर्थ म्हणून पाठ केलेलं. लहानपणापासून हात जोडून म्हणतो ते पसायदान याच रूपांवर उभं आहे. सांडो, वाढो, जावो, लाहो. जे अजून झालेलं नाही, पण व्हावं असं मनापासून वाटतं, ते सगळं. आणि 'ओहाला' हा शब्द तर स्पेनमधल्या अरबीतून आलेला. मुळात 'देवाने इच्छिलं तर' असा त्याचा अर्थ.

त्यानंतर कान तयार झाला. जेवायला बसलं की शेजारच्या बाकावरून कुणीतरी म्हणे, "के आप्रोबेचे." अन्न अंगी लागो. रात्री दिवे मालवताना, "के देसकान्सेस." विश्रांती मिळो. खोकल्याने हैराण झालेल्या एका मुलीला दुकानदार म्हणाला, "के ते मेहोरेस." लवकर बरं वाटो. ही सगळी वाक्यं 'के'ने सुरू होतात, कारण त्यांच्या आधीचं 'मला वाटतं', 'माझी इच्छा आहे' गळून पडलेलं असतं. उरतं ते फक्त समोरच्यासाठीचं मागणं. वाटेवर सतत कानी पडणाऱ्या 'बुएन कामीनो'त क्रियापदच नाही, पण ते पुरं केलं तर 'के तेंगास उन बुएन कामीनो' होईल. तुला चांगली वाट लाभो. निरोप घेताना 'के ते बाया बिएन' म्हणतात, तुझं सगळं नीट चालो. यातलं 'बाया' हे 'इर'चं, म्हणजे 'जाणे'चं रूप. चालणाऱ्या माणसाला देण्यासाठी याहून योग्य धातू मला तरी सुचत नाही.

पोर्तोमारीनला मिन्यो नदीवरचा पूल ओलांडताना एक आजोबा भेटले. सत्तरीच्या पुढचे, सारागोसाचे, पार फ्रेंच सीमेजवळच्या रोन्सेस्बायेसपासून चालत आलेले. उजवा गुडघा बांधलेला. खाली धरणाच्या पाण्याकडे काठी दाखवून म्हणाले, जुनं गाव तिथे आहे. १९६० च्या दशकात बेलेसार धरणात ते बुडालं. त्याआधी तिथलं चर्च दगडागणिक आकडे घालून उतरवलं आणि वर डोंगरावर पुन्हा बांधलं. संध्याकाळी भिंतीवरचे ते आकडे त्यांनी मला बोट ठेवून दाखवले.

दुसऱ्या दिवशी पालास दे रेइच्या चढावर ते फार हळू चालत होते. मला म्हणायचं होतं, तुम्ही सुखरूप पोचावं. तोंडून आलं, "एस्पेरो येगार बिएन." त्याचा अर्थ झाला, मी सुखरूप पोचेन अशी मला आशा आहे. कर्ता एकच असला की स्पॅनिशमध्ये मूळ धातू तसाच राहतो. इच्छा माझी आणि पोचणारा दुसरा, असं झालं की मध्ये 'के' येतो आणि क्रियापद बदलतं. मराठीतही अगदी तसंच आहे. 'मला पोचायचं आहे', पण 'तुम्ही पोचावं असं मला वाटतं'. हे दोन मी आयुष्यात कधी एकमेकांच्या जागी वापरले नसते.

आजोबांनी चूक दाखवली नाही. त्यांना वाटलं मी माझ्यासाठीच बोलतेय. काठीवर भार देऊन थांबले आणि म्हणाले, "के येगेस, इहा." पोच गं पोरी. त्यांच्या त्या एका शब्दात मला माझं हवं असलेलं रूप मिळालं. मी लगेच म्हटलं, "एस्पेरो के येगे उस्तेद." तुम्ही पोचावं अशी मला आशा आहे. या वाटेवर सगळे सगळ्यांना 'तू' म्हणतात, पण माझ्या वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला माझ्याने 'येगेस' म्हणवेना. ते हसले. म्हणाले, 'तू' म्हण. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही.

मेलिदेत लोक पुल्पो, म्हणजे उकडलेला ऑक्टोपस, खायला थांबतात. आजोबा थांबले ते गुडघ्यासाठी. दोन दिवस तरी पाय टेकायचा नाही असं त्यांना सांगितलं होतं. मला म्हणाले, "क्वान्दो येगेस, दाले उन आब्रासो आल सान्तो पोर मी." तू पोचलीस की माझ्या वतीने संताला मिठी मार. 'क्वान्दो'नंतरही तेच रूप, कारण पोचणं अजून पुढे आहे, हातात नाही. वारीच्या वाटेवर दारात उभ्या बाया म्हणतात, माऊली, माझा नमस्कार सांगा विठोबाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मेलिदेत, सान्तियागोत नाही.

आर्सुआ, ओ पेद्रोउसो, मोन्ते दो गोसो. पाचव्या दिवशी दुपारी कॅथेड्रलसमोरच्या ओब्रादोइरो चौकात पोचले. आत वेदीमागच्या जिन्याने वर जाऊन संताच्या पुतळ्याला मागून मिठी मारायची पद्धत आहे. मी दोनदा मारली. एकदा आईच्या नावाने, एकदा त्यांच्या.

फोन नंबर घ्यायचं सुचलं नव्हतं. रात्री वहीत वर्गातलं शेवटचं उरलेलं रूप लिहिलं, आधीच घडून गेलं असेल पण आपल्याला ठाऊक नाही, अशा इच्छेसाठीचं. एस्पेरो के आया येगादो. पुढे काही दिवस गेल्यावर, पुण्यात, त्याखाली मराठीत लिहिलं: पोचले असावेत.