मुद्रकाची ओळ

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आमच्या छापखान्यात सगळ्यांत घाईचा. तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नपत्रिका, ऊसदराच्या सभांची पत्रकं, राज्योत्सवाची निमंत्रणं आणि काळ्या दिनाची हँडबिलं, सगळं एकाच मशीनवर येऊन पडतं. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, बेळगावात लाल-पिवळे झेंडे घेऊन राज्योत्सवाची मिरवणूक निघते, आणि महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या मराठी लोकांची काळ्या कपड्यांतली सायकल फेरी धर्मवीर संभाजी उद्यानापासून मराठा मंदिराकडे जाते. दोन्हीकडचा कागद कधी कधी एकाच रिमातला असतो. शहापुरातल्या आमच्या छोट्या छापखान्यात हे वडिलांच्या वेळेपासून चालत आलंय.

गेल्या वर्षी काळ्या दिनाच्या पाच दिवस आधीची गोष्ट. सकाळी साध्या कपड्यातला हवालदार येऊन गेला. तो दरवर्षी या दिवसांत येतो. माणूस वाईट नाही. चहा घेतो, टेबलावरची प्रुफं चाळतो आणि मोडक्या मराठीत विचारतो, "काका, टोकाचं काय नाही न्हवं?" मी नाही म्हणतो. टोकाचं म्हणजे काय, हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक असल्यासारखं आम्ही वागायचो.

तो गेल्यावर तासाभरानं एक पोरगा आला. वीस-बावीसचा, येळ्ळूरकडचा. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढला गेला आणि पाठोपाठ गावात लाठीमार झाला, तेव्हा हा शाळेत होता. वडिलांच्या पाठीवरचे वळ पाहिलेत, हे त्यानं मजकूर दाखवता दाखवता, मान वर न करता सांगितलं.

"काका, पाच हजार पाहिजेत. परवापर्यंत होतील काय?"

मजकूर मोबाइलवर होता. मी तो संगणकावर घेतला, फॉन्ट बदलला आणि वाचायला लागलो. तीन परिच्छेद होते.

पहिल्यात आमची सत्तर वर्षांची मागणी: बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. माझ्या वडिलांनी हे वाक्य छपाईच्या खिळ्यांनी जुळवलंय. त्यांची बोटं न बघता त्या त्या खणात जायची. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीच्या आंदोलनात गोळीबार झाला, नऊ माणसं गेली, तेव्हा वडिलांनी श्रद्धांजलीचं पत्रक छापलं आणि त्यापायी त्यांना दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं होतं. पत्रकाखाली छापखान्याचं नाव होतं, म्हणून ते सापडले. छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण हवं, हा इंग्रजांचा १८६७ चा कायदा. तो आता गेला, २०२३ चा नवा आला. निवडणुकीच्या पत्रकांवर मात्र मुद्रक-प्रकाशकाचं नाव आजही सक्तीचंच आहे. आमच्या घरात त्या ओळीला कायद्यापेक्षा जास्त मान आहे. वडील म्हणायचे, खाली नाव घालायला हात कचरला तर वरचं छापू नये.

पहिल्या परिच्छेदाला माझा हात कचरला नाही. हीच मागणी या शहरात कित्येक जणांच्या लेखी टोकाची आहे, हे मला माहीत आहे. कर्नाटकच्या विधानसभेनं २२ डिसेंबर २०२२ ला एकमतानं ठराव केला की एक इंचही जमीन देणार नाही. त्यानंतर पाचच दिवसांनी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी, तोही एकमतानं, उलटा ठराव केला. म्हणजे वेंगुर्ला रस्त्यानं महाराष्ट्रातल्या शिनोळीला गेलं की हे वाक्य सर्वपक्षीय होतं आणि परत कर्नाटकातल्या हिंडलग्याला येईपर्यंत ते जहाल होतं. मधे अर्ध्या तासाचा रस्ता. किती जण मानतात यावर एखादं मत टोकाचं की मुख्य प्रवाहातलं हे ठरवायचं म्हटलं, तर आधी कुठं उभं राहून मोजायचं तेच ठरत नाही.

आणि 'जहाल' हा शब्द तरी मराठीत शिवी कधी होता? १९०७ ला सुरतेत काँग्रेस फुटली तेव्हा टिळक जहाल आणि गोखले मवाळ, असं आपण शाळेत शिकलो, दोघांचेही फोटो एकाच भिंतीवर होते. टिळकांनी होमरूल लीग काढली ती याच बेळगावात, १९१६ च्या एप्रिलमध्ये. मग इथल्या आणि अहमदनगरच्या भाषणांवरून त्यांच्यावर राजद्रोही भाषणांचा ठपका आला, वीस हजारांच्या जामिनाचा हुकूम निघाला. मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूनं जीना उभे राहिले. न्यायालयानं भाषणं सुटी वाक्यं वेचून नव्हे, समग्र वाचली आणि हुकूम रद्द केला. त्याच बेळगावात आठ वर्षांनी, १९२४ ला, गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले. जी मागणी आठ वर्षांपूर्वी जामीन मागत होती, तिच्यासाठी आता टिळकवाडीच्या माळावर अधिवेशन भरलं होतं.

सीमा बदलायची मागणी तर देश सोडायची मागणीही नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानं राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेला दिलाय आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. न्यायालयात ज्यावर दावा चालू आहे, ते पत्रकात छापलं म्हणून माणूस टोकाचा कसा होईल?

दुसऱ्या परिच्छेदावर मी अडलो. 'मराठीत न बोलणाऱ्या दुकानदाराकडून एक पैशाचा माल घेऊ नका.'

"हे कशाला?" मी विचारलं.

"काका, बहिष्कारच की हा. टिळकांनी नाय केला? विलायती कापड जाळलं नाय लोकांनी?"

उत्तर चटकन सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं सुचलेलं नाही. माल कुठून घ्यायचा हा ज्याचा त्याचा हक्क. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं हा नियम आल्यापासून मी स्वतः किती पाट्या नव्यानं छापल्यात. तो नियम अन्यायाचा वाटतो म्हणून कुणी निषेध केला तर मी त्याच्याबरोबर आहे. पण विलायती कापडाचा कारखाना मँचेस्टरला होता. इथला किराणावाला समोरच्या गल्लीत राहतो आणि त्याची पोरं आमच्या पोरांबरोबर एकाच रिक्षातून शाळेत जातात. मी म्हटलं, "ज्या राज्यात आपल्याला जायचंय, त्यानंच २०१६ ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केलाय. जातपंचायतीनं कुणाला वाळीत टाकलं तर तिकडं गुन्हा होतो."

"तो जातीचा. हा भाषेचा," तो म्हणाला. मुद्दा चूक नव्हता.

मग आम्ही दोघांनी बसून ते वाक्य बदललं. 'जिथे मराठी ग्राहकाचा अपमान होतो तिथे जाऊ नका.' भाषा काढली, वागणूक घातली. त्याला ते मिळमिळीत वाटलं, मला पटलं. हे ताणून धरण्यासारखं होतं आणि आम्ही दोघांनीही ते ताणलं नाही.

तिसरा परिच्छेद मी दोनदा वाचला. 'आपल्या गल्लीत राहून आपल्यावरच दादागिरी करणाऱ्यांना त्यांना कळेल अशा भाषेत धडा शिकवा.' आणि खाली चार नावं, गल्लीसकट. एक एसटीचा कंडक्टर. एक शाळेतल्या बाई. उरलेले दोघे कोण ते मला माहीत नव्हतं.

मागे मशीन थांबल्याचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आमचे मशीनमन मामा पुसायचं फडकं हातात घेऊन खुर्चीमागे उभे होते. बैलहोंगलकडचे, घरात कन्नड, आमच्याकडं सत्तावीस वर्षं. मराठी माझ्याइतकंच सफाईनं वाचतात. संयुक्त महाराष्ट्राची किती पत्रकं त्यांच्या हातानं निघाली असतील त्याला मोजदाद नाही, आणि त्यांनी कधी भुवईसुद्धा उचलली नाही.

"तम्मा," मामा मला म्हणाले, कन्नडमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं, "त्या बाई माझ्या भावकीतल्या आहेत."

पोरगा उभाच राहिला. मामा कोण, हे त्याला तेव्हा कळलं असावं. पण ऐन वेळी तो हटून बसला. "मामा, तुमच्यावर काय नाय. पण आमच्या बापाला मारलं तेव्हा कोण आलंतं?"

हा प्रश्न खोटा नव्हता. मी त्याला म्हटलं, "बापाला मारलं ते लिही. तारीख घाल, लाठीमार घाल, चौकशी मागितली पाहिजे ते लिही. जेवढं तिखट लिहायचं तेवढं लिही, खाली माझं नाव घालून छापतो. सरकारला जाब विचार, पोलिसांना विचार, निवडून आलेल्याला विचार. त्या बाईंनी काय केलंय?"

"त्या वर्गात मराठीत बोलू देत नाहीत."

"मग शाळेकडं तक्रार कर. भाषिक अल्पसंख्याकांसाठी घटनेनंच आयुक्त दिलाय, त्याला पत्र लिही, मी टाईप करून देतो फुकट. पण नाव आणि गल्ली छापून धडा शिकवा म्हणायचं, ह्याला मी मत म्हणत नाही. हे पत्ता सांगणं झालं. कोण जाईल, किती जण जातील, हातात काय घेऊन जातील, ते तुझ्या हातात राहणार नाही."

एका वकील मित्रानं मला मागे समजावलं होतं ते मी त्याला माझ्या शब्दांत सांगितलं. १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय म्हणत आलंय की सरकारवरची टीका कितीही कडक असली तरी तो गुन्हा नाही, हिंसेला चिथावणी हा गुन्हा. १९९५ ला तर खलिस्तानच्या घोषणा देणाऱ्यांनाही सोडलं, कारण घोषणेपलीकडे काही घडलं नव्हतं. २०१५ च्या निकालात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असे तीन वेगळे शब्दच आहेत. पोरगा ऐकत होता, पण तो माझ्याकडे नाही, मामांकडे बघत होता.

"वरचे दोन छापा," शेवटी तो म्हणाला. "तिसरं राहू दे." आगाऊ रक्कम ठेवून गेला.

मला हलकं वाटायला हवं होतं. पण मामा मशीनकडे गेले नाहीत. मागच्या फळीवरच्या नमुन्यांच्या फायलीतून त्यांनी एक पत्रक काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. कन्नड. आदल्या वर्षीचं. आमच्याच मशीनवर निघालेलं.

मला कन्नड वाचता येतं, शाळेत शिकलोय. प्रूफही मीच तपासलं होतं. पण तेव्हा मी जोडाक्षरं पाहिली, ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं, अर्थ पाहिला नव्हता. आता वाचला. इथलं खाऊन तिकडचे गोडवे गाणाऱ्यांना दुकानाचे गाळे भाड्यानं देऊ नका, गल्लीतून उठवा, अशा अर्थाचं होतं. खाली दोन दुकानांची नावं. त्यातला एक माझ्या वडिलांच्या मित्राचा मुलगा. त्याचं दुकान दुसऱ्या गल्लीत का गेलं, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

"मामा, तेव्हा का बोलला नाहीत?"

"तेव्हा मला त्यात काय वावगं दिसलंच नाही, तम्मा. आज बाईंचं नाव वाचलं आणि हे आठवलं."

मला जतची आठवण झाली. २०२२ च्या शेवटी पाण्यासाठी जत तालुक्यातल्या काही गावांत कर्नाटकात जायची भाषा झाली, तेव्हा माझ्या ओळखीच्यांनी त्या शेतकऱ्यांना फितूर म्हटलं होतं. मीही मान डोलावली होती. आम्ही येळ्ळूरला जे मागतो तेच ते जतला मागत होते.

त्या संध्याकाळी मी वडिलांच्या मित्राच्या त्या मुलाकडे गेलो आणि पत्रक मीच छापल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "काका, खाली तुमचं नाव होतं की. मी वाचलंतं." बसा म्हणाला. चहा मागवला. मला तो चहा गिळवेना. दुसऱ्या दिवशी ते पत्रक छापून घेतलेली कन्नड मंडळी राज्योत्सवाच्या कामासाठी आली. मी निमंत्रणपत्रिका घेतली, पत्रकाचा मजकूर वाचला आणि त्यांनाही तेच सांगितलं: मागणी कितीही कडक असू दे, नाव-गल्ली छापणार नाही. ते कामं उचलून दुसरीकडे गेले. वर्षाकाठी चांगलं गिऱ्हाईक होतं.

काळा दिन पार पडला. २ नोव्हेंबरला सकाळी हवालदार आला, तो यावेळी चहाला थांबला नाही. टेबलावर दोन पत्रकं ठेवली. एक आमचं, दोन परिच्छेदांचं. दुसरं तसंच, पण तिसरा परिच्छेद आणि चारही नावं असलेलं, खाली मुद्रकाची ओळच नाही. पोरानं ते कुठून छापून घेतलं की आणखी कुणी त्याचं उचललं, मला आजही माहीत नाही. वाटण्याआधीच एक गठ्ठा सापडला होता, एवढंच तो म्हणाला.

बोट मात्र त्यानं आमच्या पत्रकावर ठेवलं. "काका, टोकाचं नाही म्हणालासा न्हवं? हे महाराष्ट्र महाराष्ट्र काय आहे?"

मी दुसरा कागद त्याच्याकडे सरकवला आणि शेवटचा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला, नावांसकट. कंडक्टरच्या नावाशी त्यानं मान वर केली. मग मी ड्रॉवर उघडून आदल्या वर्षीचं कन्नड पत्रक त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उभ्यानंच वाचायला घेतलं, पहिल्या ओळीला थोडा हसला, दोन दुकानांच्या नावांपर्यंत आला आणि परत वरपासून वाचलं.

"हे कुणी छापलंय?" त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

मी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.