एका डॉलरात सव्वादोन रुपये

मॉर्गन डॉलरच्या (अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं) अल्बममध्ये आजपर्यंत बत्तीस खाने भरलेत. मागच्या नोंदीनंतर तीन नाणी आली. त्यातलं एक आलं नसतं तर बरं झालं असतं, म्हणून आधी तेच.

न्यू जर्सीतल्या एका नाणे-प्रदर्शनात १८८१-एस दिसलं (आधी साल, मग टाकसाळीचं अक्षर; एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को). लखलखीत, भावही बरा. घरी दिव्याखाली तिरपं धरून फिरवलं. कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. इथे काहीच फिरेना. भिंग लावलं तर नाण्यावरच्या लिबर्टीदेवीच्या गालावर केसाएवढ्या रेघा, सगळ्या एकाच दिशेला. पॉलिश! आमची आजी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चांदीचे रुपये टूथपावडरने घासायची, अगदी तस्सं. देवापुढे ते शोभतं, पण या सालच्या घासलेल्या डॉलरला चांदीच्या भावावर फारसं काही मिळत नाही. विकणाऱ्याला काय बोलणार? भिंग माझ्या खिशातच होतं.

मधेच एका मित्राने १८९३-एस दाखवायला आणलं. या मालिकेत रोजच्या वापरासाठी पाडलेलं सगळ्यात दुर्मीळ नाणं, एकूण १ लाखच. वजन २६.६० ग्रॅम (कोरं २६.७३ भरतं), पाण्यात टांगून काढलेली घनता १०.३१. चांदी अस्सल. पण सॅन फ्रान्सिस्कोत ही सगळी नाणी दर्शनी बाजूच्या एकाच साच्यातून निघाली, आणि त्या साच्यामुळे लिबर्टी शब्दातल्या ‘टी’च्या माथ्यावर एक तिरकी, उठावदार रेघ येते. याचा ‘टी’ कोरा. म्हणजे बहुधा फिलाडेल्फिया टाकसाळीच्या त्याच सालच्या, अक्षर नसलेल्या नाण्यावर बाहेरून ‘एस’ चिकटवलेला. मित्र दोन मिनिटं गप्प बसला, मग चहा मागितला.

मनासारखं आलं ते १९०३-ओ. न्यू ऑर्लिन्सला ही ४४ लाखांवर पाडली गेली, तरी कित्येक वर्षं कुणाच्या हाती लागत नव्हती. सगळ्यांनी धरून चाललं होतं, वितळली असणार. १९६२ च्या शरद ऋतूत सरकारी तिजोरीतून हजार-हजार नाण्यांच्या पिशव्या बाहेर आल्या आणि दीड हजार डॉलरचं नाणं तोंडावर आपटलं. म्हणून मी टाकसाळीच्या आकड्यांवर आता डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. किती पाडली ते पुस्तकात असतं, उरली किती ते नसतं.

त्याला कारण १९१८ चा पिटमन कायदा. महायुद्धात हिंदुस्थानात नोटा मोडून रोख रुपये मागायला लोकांची रीघ लागली, सरकारकडे चांदी पुरेना. अमेरिकेने २७ कोटींवर डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांमार्फत हिंदुस्थानकडे गेली. कोणत्या सालचे, कोणत्या टाकसाळीचे किती गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही. ती भरपाई करायला १९२१ मध्ये पुन्हा मॉर्गन पाडले. जुने मूळ साचे १९१० मध्येच मोडले होते, त्यामुळे नव्यांचा उठाव चपटा. माझं तिसरं नाणं तेच, १९२१ चं. ढिगाने मिळतं, पण मला हवंच होतं.

कारण आजीच्या डब्यातला एक रुपया माझ्याकडे आहे, १९१८ चा. कमळाखाली टिंब, म्हणजे मुंबईच्या टाकसाळीचा. रुपयात चांदी १०.६९ ग्रॅम, मॉर्गनमध्ये २४.०६. एका डॉलरात बरोबर सव्वादोन रुपये! माझ्या रुपयात कार्सन सिटी टाकसाळीचा एखादा डॉलर असेलही, कुणी सांगावं.

अल्बममध्ये रुपयासाठी खाना नाही. १९२१ च्या शेजारी, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवलाय (पीव्हीसीने नाणं खराब होतं). घासलेलाच आहे. पाचव्या जॉर्जच्या दाढीत आजीची टूथपावडर अजून दिसते.